कडूचं कूळ

मे महिन्यातली रविवारची दुपार. कर्जत स्टेशनापासून आत, उल्हास नदीच्या अंगाला एका मित्राचं शेतघर आहे. त्याच्या पडवीत आम्ही तिघं बसलो होतो. मधे बर्फाची बादली, तीत पुण्याहून आणलेले हॉपी लागर बिअरचे चार डबे, पुढ्यात विसळून निथळत ठेवलेले पेले आणि प्रत्येकाच्या मांडीवर गुणांचा कागद. शेतघर राखणारे मामा सत्तरीला टेकलेले, जातीचे ठाकर. त्यांनी बराच वेळ आमचा खेळ पाहिला आणि विचारलं, "पिताय का तपासताय?"

दोन्ही, म्हटलं. त्यांच्याही हातात पेला दिला. मामांनी एक घोट घेतला, तोंडात फिरवला, गिळला, जरा थांबले आणि म्हणाले, "कडू हाय, पण रागीट नाय."

आम्ही कागदावर दहा ओळी खरडल्या होत्या, त्या सगळ्या या पाच शब्दांत आल्या. हा कडू आला कुठून, त्याचा राग कुणी काढला आणि तो तपासायला कागद कुणी आणला, हे शोधत गेलं की बरीच मोठी वंशावळ हाती लागते.

हॉप ही वेल आहे आणि तिचं कूळ भांगेचं. वनस्पतिशास्त्रात दोघी एकाच घरातल्या. मादी वेलीला हिरव्या, कागदासारख्या पातळ पाकळ्यांची बोंडं लागतात. बोंड चोळलं की आतली पिवळी भुकटी बोटाला चिकटते आणि वास दिवसभर जात नाही. बिअरचा कडूपणा आणि सुगंध त्या भुकटीत असतो. जर्मनीतलं हालरटाऊ आणि बोहेमियातलं झाटेक ही या वेलीची जुनी माहेरं. तिला नीट वाढून भरघोस फुलायला उन्हाळ्यातला लांब दिवस लागतो. कर्जतचा सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास, त्यामुळे इथल्या मातीत तिला कितीही शेणखत घाला, ती रुसलेलीच राहणार. आपल्या देशात ती हिमाचलातल्या लाहौल खोऱ्यात पिकते.

भुकटीतला कडू तसाच जिभेवर येत नाही, ही यातली मजेची गोष्ट. हॉप माल्टच्या काढ्यात तासभर खळखळून उकळावा लागतो. मग त्यातली आम्लं आपला घाट बदलतात, पाण्यात विरघळतात आणि कडू होतात. पावसाळ्यात कर्जतच्या बाजारात ठाकर-कातकरी बाया भारंगीचा पाला घेऊन बसतात. तो घरी आणला की आपण उकडतो आणि पाणी पिळून टाकतो, कारण कडू घालवायचा असतो. हॉप उकळतात तो कडू आणायला. चूल तीच, भांडं तेच, हेतू उलटा.

या कडूला आपल्या देशाचं नाव चिकटलं ते फुकटात. लंडनच्या बो भागातला हॉजसन अठराव्या शतकाच्या अखेरीपासून मुंबई, कलकत्ता, मद्रासच्या गोऱ्यांसाठी जहाजावर भरपूर हॉपची बिअर चढवत होता. हॉपने ती प्रवासात नासत नसे. पुढे त्या जातीला 'इंडिया पेल एल', म्हणजे आयपीए, म्हणू लागले. हॉप इंग्लंडचा, जव इंग्लंडचे, पिणारेही इंग्लंडचे. इंडिया फक्त पत्त्यात. मुंबईच्या गोदीतून पुण्याच्या आणि खडकीच्या छावणीकडे जाणारी सगळी रसद मग आमच्या कर्जत-खोपोलीच्या दारावरून चढायची. रेल्वे १८५६ साली खोपोलीपर्यंत आली, तिथे बोरघाटाच्या पायथ्याशी थांबली, आणि १८६३ साली घाट फोडून वर गेली. कर्जतला आजही गाडीच्या पाठीला जोर देणारी इंजिनं लागतात.

पण ही झाली एलची गोष्ट. लागरचं घराणं वेगळं, आणि ते थंडीत जन्मलं.

'लागर' म्हणजे जर्मन भाषेत साठवण, कोठार. बव्हेरियाच्या ड्यूकने १५५३ साली फर्मान काढलं की २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात कुणी बिअर गाळायची नाही, कारण उन्हाळ्यातली बिअर आंबट होते. तेव्हा थंडीत गाळायची आणि तळघरात बर्फ भरून उन्हाळाभर पुरवायची, अशी रीत पडली. त्या गारठ्यात नेहमीचं यीस्ट झोपी जायचं. जे जागं राहायचं ते आठ-दहा अंशांवर, हळूहळू, पिंपाच्या तळाशी बसून काम करायचं. त्याच्या हातची बिअर स्वच्छ असायची. फळांचे, मसाल्यांचे वास नाहीत. हे यीस्ट संकरित आहे हे कळलं होतं, आई माहीत होती, बाप सापडत नव्हता. २०११ साली तो अर्जेंटिनाच्या पाटागोनियात बीचच्या झाडांवरच्या गाठींमध्ये सापडला. पाटागोनियाचा बाप बव्हेरियात कसा पोचला, यावर शास्त्रज्ञ अजून भांडतात. तिबेटात आणि आयर्लंडमध्येही त्याचे भाऊबंद निघाले आहेत.

चाखून निकाल देण्याची परंपराही याच घराण्यातली. बोहेमियातल्या पिल्झनच्या लोकांनी १८३८ साली ३६ पिंपं बिअर भर चौकात, नगरभवनासमोर ओतून दिली, कारण ती पिण्यालायक नव्हती. गुणांचा कागद नाही, वजाबाकी नाही, सरळ गटारात. मग गावाने नवी भट्टी बांधली, योझेफ ग्रोल नावाचा बव्हेरियन आणला आणि त्याने ऑक्टोबर १८४२ मध्ये फिकट माल्ट, झाटेकचा हॉप आणि तळाशी बसणारं यीस्ट यांची सोनेरी लागर गाळली. आज जगात 'पिल्सनर' म्हणून जे काही विकलं जातं, ते सगळं त्या पिंपाचं नातवंड. भारतातली खपाची लागरही त्याच वंशातली, फक्त तिच्यातला हॉप पिढ्यांगणिक पातळ होत वासापुरता उरला.

थंडी विकत मिळेपर्यंत लागर उष्ण मुलखात उतरणं शक्य नव्हतं. अमेरिकेतल्या तळ्यांचा बर्फ भुशात भरून १८३३ साली कलकत्त्याला उतरला आणि लवकरच मुंबईतही येऊ लागला. पण तो सरबतापुरता. लिंडे नावाच्या अभियंत्याने शीतयंत्र बनवलं ते म्युनिकच्या बिअरभट्टीच्या मदतीने, १८७० च्या दशकात. आपल्या घरातला फ्रिज हे त्या भट्टीचं उपपदार्थासारखं आलेलं अपत्य आहे. हान्सेन नावाच्या शास्त्रज्ञाने १८८३ साली कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत यीस्टची एकच पेशी वेगळी काढून वाढवली आणि मालकाने ते यीस्ट इतर भट्ट्यांनाही वाटलं. राहिली वीज. ती मुंबईला १९१५ पासून टाटांच्या खोपोलीच्या वीजघरातून मिळू लागली. लोणावळ्याच्या तळ्यांचं पाणी पाचशे मीटरहून जास्त उंचीवरून नळांतून खाली सोडलेलं. म्हणजे मुंबईतल्या गिरण्यांची चाकं आणि पुढे बर्फाचे कारखाने, दोन्ही खोपोलीच्या खालापूर तालुक्याच्या जिवावर. हे मी जरा अभिमानानेच सांगतो.

इथल्या डोंगरातल्या माणसाला यातलं काही लागत नव्हतं. ताडी झाडावरून उतरते तेव्हाच तिच्यात वाऱ्यावरचं यीस्ट पडलेलं असतं. पहाटे गोड, दुपारी आंबूस, दुसऱ्या दिवशी शिरका. मोहाची फुलं उन्हात वाळवून भिजत घातली की आंबतात. सरकारला या फुकटच्या आंबण्याचा इतका राग होता की १८९२ साली खास मोहाच्या फुलांवर कायदा केला आणि ठाणे-कुलाबा जिल्ह्यांत फूल बाळगण्यावरही बंधनं घातली. फुलावर कायदा करणारं सरकार दुसरं कुठे झालं असेल का, मला शंका आहे. तेव्हा मामांच्या जिभेला कुणी अडाणी समजू नये. आंबवणीची पारख तिला आमच्याहून जुनी आहे.

दोन घराणी एकत्र कशी आली? एलवाल्यांची एक खोड होती: पिंप भरलं की वरून मूठभर सुका हॉप टाकायचा. उकळायचा नाही, त्यामुळे कडू फार चढत नाही, वास तेवढा उतरतो. १९९६ साली इटलीत कोमोजवळ अगोस्तीनो आरिओली याने हीच खोड पिल्सनरवर केली आणि 'टिपोपिल्स' नावाची लागर काढली. लागरवाल्या सनातन्यांच्या भुवया उंचावल्या असतील. पुढे अमेरिकेत लागरच्या अंगात थेट पेल एलचा हॉप घालून 'इंडिया पेल लागर' निघाली. तिचं लघुरूप आयपीएल. आपल्याकडे हे नाव मागितलं की वेटर टीव्हीचा आवाज वाढवतो.

महाराष्ट्रात ताजी, स्थानिक भट्टीतली बिअर आली ती २००९ साली, पुण्यात 'डूलाली'पासून. २०१३-१४ मध्ये मुंबई, डोंबिवली, पुणे इथे नव्या भट्ट्या उघडल्या. सुरुवातीला गव्हाची आणि फळांच्या वासाची बिअर जास्त चालली, आणि त्याचं कारण साधं आहे. एल दोन-तीन आठवड्यांत तयार होते. लागरला टाकी दीड-दोन महिने अडवून ठेवावी लागते आणि तेवढं सगळं गार ठेवायला वीजबिल. शिवाय तिच्यात चूक लपवायला जागा नसते. हॉपी लागर करणारा भट्टीवाला मला म्हणूनच धाडसी वाटतो.

भाताचाही एक धागा आहे. कर्जतचं भात संशोधन केंद्र १९१९ पासूनचं. 'कर्जत-१८४', 'कर्जत-३' ही नावं कोकणातल्या शेतकऱ्याला पाठ. लागरमध्ये भात घालण्याची रीत अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात रुळली. भात आधी वेगळा शिजवून पेजेसारखा करतात आणि मग माल्टच्या काढ्यात मिसळतात. त्याने बिअर हलकी, कोरडी होते आणि हॉपला मोकळं रान मिळतं. पोर्टलंडमध्ये २०१८ साली निघालेली 'कोल्ड आयपीए' याच युक्तीवर उभी आहे. कर्जतच्या भाताची लागर एकदा चाखायला मिळावी, एवढी एक इच्छा बाकी आहे.

आता कागद. तो अमेरिकेतल्या घरगुती बिअर करणाऱ्यांनी १९८५ साली सुरू केलेल्या परीक्षक-योजनेचा. गुण पन्नास: वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडातल्या भाराला ५, एकूण मताला १०. रूपाला तीनच, हे मला फार आवडतं. वास आधी घ्यायचा, फेस बसायच्या आत, कारण तोच पहिला उडतो.

मी पेला नाकाशी नेला. चांगल्या हॉपी लागरला काय वास यावा, हे इंग्रजी कागद 'पाइन', 'ग्रेपफ्रूट' असल्या शब्दांत सांगतो. माझ्या नाकाला ते पाठांतर वाटतं. मी लिहितो: कैरीच्या देठाचा चीक, ईडलिंबाची साल, राळेचा धूर, भरडलेले धणे. यात कवित्व काही नाही. आंब्यातलं मिर्सीन आणि धण्यातलं लिनालूल ही द्रव्यं हॉपमध्येही असतात. दोषांनाही घरचे शब्द आहेत. काढा नीट उकळला नसेल तर खंडाळ्याच्या घाटात टोपलीतून विकतात त्या उकडलेल्या कणसाचा वास येतो. यीस्टला शेवटी जरा ऊब देऊन काम पुरं करू दिलं नसेल तर सिनेमागृहातल्या पॉपकॉर्नवरचं लोणी. डब्याऐवजी बाटली असेल आणि तिला ऊन लागलं असेल, तर हॉपचाच कडू मोडून घाण वास सुटतो. इंग्रजीत त्याला स्कंक नावाच्या प्राण्याची उपमा देतात. आपल्याकडे तो प्राणी नाही, मी 'हिंगाची जुनी डबी' लिहितो.

आणि कडू. इथे मराठी परीक्षकाला आयतं भांडवल आहे. कडसर, कडवट, कडू, कडूजहर: चार पायऱ्या. तुरट वेगळा, तो जिभेच्या कडा आवळतो. बरेच जण तुरटालाच कडू समजून गुण कापतात. हॉपी लागर 'कडवट'च्या पायरीवर सुरू व्हावी, मधे 'कडू'ला हात लावावा आणि गिळल्यावर दहा मोजायच्या आत खाली उतरावी. पाडव्याचा कडुनिंब उतरत नाही, रेंगाळतो; कारलं मीठ लावून पिळलं की उतरतं. मामांचं 'रागीट नाय' हे या उतरण्याबद्दल होतं.

त्या दिवशी माझ्या कागदावर चवीला सोळा पडले, वासाला मात्र सहाच. कैरी होती, पण मावळलेली. तिच्यामागे भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास. तिघांचंही तेच मत. यीस्टला दोष द्यावा की भट्टीवाल्याला, यावर अर्धा तास वाद झाला. मामा रिकामे डबे पोत्यात भरत होते. त्यांतला एक त्यांनी उलटा धरून पुढे केला आणि म्हणाले, "ही तारीख कसली रं?"

डबा जानेवारीत भरलेला होता. चार महिने कुठल्यातरी दुकानाच्या फळीवर, मग मे महिन्याच्या उन्हात गाडीच्या डिकीतून घाट उतरून कर्जतला. उष्णतेत हॉपचा वास आधी जातो आणि पुठ्ठा मागून येतो. भट्टीवाल्याचा त्यात काही गुन्हा नव्हता. वासाचे गुण आम्ही बदलले नाहीत, पण कागदाच्या तळाशी भरल्याची तारीख लिहिली. तुम्ही हॉपी लागर घ्याल तेव्हा किंमत नंतर बघा, आधी डबा उलटा करा.