पाक थिजू नये, करपू नये

लोणावळ्याची चिक्की आपण सगळ्यांनीच खाल्ली आहे. गूळ वितळला की हात थांबवून चालत नाही. उशीर झाला तर पाक कढईतच थिजतो, आच जास्त झाली तर करपतो. आपल्या भातखाचरात पडणाऱ्या युरियाचं कारखान्यातलं गणितही असंच आहे.

१८२८ साली व्होलर या जर्मन शास्त्रज्ञाने प्रयोगशाळेत युरिया बनवला. पुढच्या शतकात अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड मोठ्या दाबाखाली एकत्र आणून कारखाने तो बनवू लागले. मुंबईत ट्रॉम्बेचा खत कारखाना १९६५ साली सुरू झाला. १९७८ साली राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स ही कंपनी स्थापन झाली आणि ऐंशीच्या दशकात घाटाखाली, अलिबागजवळ थळला तिचा मोठा कारखाना उभा राहिला. त्याच दशकात, १९८७ साली, आपल्या वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून इंद्रायणी भात आला.

बनवण्याची रीत सापडली, पण वितळलेला युरिया सांभाळणं अवघडच राहिलं. तो साधारण १३३ अंशांवर वितळतो. नळीत त्याहून थोडा गार झाला तरी दगडासारखा बसतो. म्हणून नळीभोवती वाफेचं आवरण असतं. झडप, पंप, वळण, एकही जागा उघडी ठेवत नाहीत. उलट फार तापला किंवा गरम राहून फार वेळ थांबला, तर त्यातून अमोनिया उडतो आणि बाययुरेट तयार होतं. ते पिकाला बाधतं. म्हणून प्रवास थोडक्यात हवा: वितळलेला युरिया उंच मनोऱ्यावर न्यायचा, वरून थेंब सोडायचे आणि खालून येणाऱ्या हवेत त्यांचे दाणे होऊ द्यायचे.

काम थांबवायचं झालं तर नळी आधी धुऊन रिकामी करतात. तरीही ती तुंबलीच, तर मधूनच आच देत नाहीत. दोन्हीकडून कोंडलेला युरिया तापून फुगला तर नळी फुटू शकते आणि जवळच्या माणसाच्या जिवावर बेततं. उघड्या टोकाकडून, हळूहळूच ती मोकळी करतात.

आवणीनंतर सोसायटीसमोर गोणीसाठी आम्ही रांगेत उभ्या राहिलो, तेव्हा उशिराचा रागच यायचा. तो राग खोटा नव्हता. पण त्या पांढऱ्या दाण्यामागे रात्रपाळीत नळीची ऊब राखणारी माणसं आहेत, हे आम्हाला फार उशिरा कळलं. यंदा खत टाकताना मूठ जपून सोडू या.