गोदीतला गोळा

कापसाच्या गाठीला आग लागली म्हणजे काय होते, हे अकोल्या-अमरावतीच्या माणसास सांगावे लागत नाही. प्रेसमध्ये आवळलेली गाठ वरून थंड दिसते आणि आत धुमसत राहते. वरून कितीही पाणी ओता, ते आत शिरत नाही. गाठ बाहेर ओढून मोकळी करावी लागते. आमची उमर जिनिंग-प्रेसिंगच्या हमालांत गेली. म्हणून १४ एप्रिल १९४४ च्या मुंबई गोदीतील स्फोटाची हकीकत वाचताना आमचे लक्ष प्रथम गाठींकडेच गेले.

‘फोर्ट स्टिकीन’ हे जहाज विलायतेहून कराचीमार्गे १२ एप्रिलला व्हिक्टोरिया गोदीत लागले. त्याच्या पोटात सुमारे १,४०० टन दारूगोळा, सोन्याच्या विटा आणि कराचीस चढविलेल्या कापसाच्या सुमारे ८,७०० गाठी. (कापूस वऱ्हाडचा नव्हता, एवढेच आमचे समाधान.) दारूगोळ्याच्या जहाजावर लाल निशाण हवे, ते नव्हते. १४ तारखेस दुपारी दोनच्या सुमारास धूर दिसला. बंबवाल्यांनी शेकडो टन पाणी आत सोडले, पण गाठी धुमसतच राहिल्या. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला व अर्ध्या तासाच्या आत दुसरा. पेटत्या गाठी उडून वखारींवर आणि वस्तीवर पडल्या. सिमल्याच्या भूकंपमापकावर हादरा उमटला. परंतु युद्धकाळच्या सेन्सॉरमुळे येथील वृत्तपत्रांस लिहिता येईना, आणि बातमी प्रथम दिली ती जपान्यांच्या ताब्यातील सायगाव रेडिओने!

अग्निशामक दलाचे सहासष्ट जवान गेले. त्यांची संख्या नेमकी ठाऊक आहे, आणि त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल पाळला जातो, हे योग्यच. एकूण मृतांचा आकडा मात्र कोणी आठशे सांगतो, कोणी तेराशे. एवढी तफावत का, हे रोजंदारीचा हजेरीपट ज्यांनी पाहिला आहे त्यांच्या ध्यानी येईल.

गोदी पुन्हा उभी राहिली, पण गाळ तोच राहिला. २०११ साली गाळ उपसताना त्यातून सोने निघाले, आणि त्याच वर्षी सुमारे पंचेचाळीस किलोचा एक जिवंत तोफगोळाही. सदुसष्ट वर्षे तो तेथे होता! लोखंडाचे कवच गंजते, आतली दारू सहसा निकामी होत नाही. स्फोट घडविणारा भाग तर जुना झाला की अधिकच बेभरवशाचा होतो. म्हणून असा गोळा सापडल्यास घण घालू नये, हलवू नये, भंगारात घालू नये. माणसे दूर करून पोलिसांस कळवावे.

ही मुंबईची गोष्ट झाली, असे कोणी म्हणेल. परंतु बडनेऱ्याहून वर्ध्याकडे जाताना धामणगाव सोडले, वर्धा नदी ओलांडली, की पुलगाव लागते. तेथे लष्कराचे दारूगोळा भांडार आहे. २० नोव्हेंबर २०१८ रोजी सकाळी, जवळच्या सोनेगाव आबाजी येथील मैदानावर, नष्ट करावयाचा जुना दारूगोळा गाडीतून उतरविताना स्फोट झाला आणि सहाजण मेले. त्यांत आसपासच्या गावांतून ठेकेदाराने आणलेले मजूर होते. गाठ कशी उचलावी हे आमचा हमाल बापाच्या हाताखाली शिकतो. गोळा कसा उतरवावा, हे त्यांना कोणी शिकविले होते?