सेप्ट घराण्याची कुळकथा

औषधांनाही आडनावं असतात, आणि ती जागतिक आरोग्य संघटना ठरवून देते. नावाच्या शेवटी ‘मॅब’ आलं की औषध म्हणजे अँटिबॉडी. ‘प्रिल’ आलं की रक्तदाबाची एक विशिष्ट गोळी. ‘सेप्ट’ हे आडनाव त्या मानाने दुर्मीळ. ते ‘रिसेप्टर’ या शब्दाची शेपटी तोडून केलेलं आहे. आमवाताच्या रुग्णांना मांडीत किंवा पोटावर घ्यावं लागणारं इटानरसेप्ट हे या घराण्यातलं सर्वांत नावाजलेलं नाव. त्यातल्या ‘नर’चा पुरुषाशी काही संबंध नाही. टीएनएफ नावाच्या रेणूला अडवणाऱ्या औषधाची ती खूण.

आपल्याकडे दुखऱ्या सांध्याला सरसकट ‘वात’ म्हणतात, म्हणून आधीच सांगतो. ही गोष्ट वयानुसार गुडघे झिजण्याची नाही. सकाळी उठल्यावर तास तास बोटं आखडलेली, दोन्ही मनगटं सुजलेली, आणि सांध्याच्या अस्तरात शरीराचीच संरक्षक फौज तळ ठोकून बसलेली, अशा दुखण्याची म्हणजे आमवाताची आहे.

रिसेप्टर म्हणजे पेशीच्या दारावरची बेल. बाहेरून निरोप घेऊन आलेला रेणू ती दाबतो आणि आत हालचाल सुरू होते. ही बेल दारापासून उखडून रक्तात तरंगायला लागली तर? दाबणाऱ्याचं बोट तिच्यात अडकून राहतं आणि आत कोणालाच काही ऐकू जात नाही. अशा मोकळ्या तरंगणाऱ्या बेलला विद्राव्य रिसेप्टर म्हणतात. इटानरसेप्ट ही त्याचीच कारखान्यात केलेली नक्कल.

कुळ शोधायचं तर आधी वैऱ्याचं कुळ पाहावं लागतं. 1975 मध्ये न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग संस्थेत एलिझाबेथ कार्सवेल, लॉइड ओल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांना आधी बीसीजी टोचली, मग जंतूंच्या कवचातलं विष दिलं. त्या उंदरांच्या रक्तद्रवात असं काहीतरी तयार झालं की ते दुसऱ्या उंदरांना दिल्यावर त्यांच्या गाठी काळ्या पडून सडू लागल्या. गाठ मारणारा म्हणून त्याचं नाव ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर, म्हणजेच टीएनएफ. कर्करोगावर रामबाण सापडला असं अनेकांना वाटलं. त्याच शहरातल्या रॉकफेलर विद्यापीठात अँथनी सेरामी वेगळ्याच प्रश्नामागे होते: परोपजीवींचा संसर्ग झालेली जनावरं खंगत का जातात? खंगवणाऱ्या त्या रेणूला त्यांनी कॅशेक्टिन म्हटलं. 1985 मध्ये सेरामी आणि ब्रूस बॉयटलर यांच्या गटाने दाखवलं की कॅशेक्टिन आणि टीएनएफ एकच. गाठ मारणारा आणि देह झिजवणारा एकाच घरात राहत होता. मराठीत या झिजण्याला ‘क्षय’ म्हणतात आणि टीबीलाही क्षयच म्हणतात. शब्दांचा हा योगायोग लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता लघवी. कुळकथेत असं स्थळ यावं हे जरा चमत्कारिक, पण मूळपुरुष सापडला तो तिथेच. जिनिव्हात जाँ-मिशेल दायेर यांच्या गटाने ताप असलेल्या रुग्णांच्या लघवीत टीएनएफला निष्प्रभ करणारं काहीतरी असल्याचं 1988 मध्ये जाहीर केलं. इस्रायलमधल्या रेहोवोतच्या वाइझमन संस्थेत डेव्हिड वॉलाख आणि स्वीडनमधल्या लुंडला इंगे ऊल्सॉन हेही त्याच सुमारास लघवीच गाळत बसले होते. वॉलाखांच्या गटाने 1989 मध्ये हे प्रथिन शुद्ध स्वरूपात वेगळं केलं. पेशींना टीएनएफच्या विषापासून ते वाचवत होतं.

लघवीच का? प्रथिन आकाराने लहान असल्याने मूत्रपिंडाच्या चाळणीतून ते खाली उतरत होतं. रक्तात शोधायचं तर हजारो प्रथिनांच्या गर्दीतून वेचावं लागलं असतं. लघवीत ती गर्दी बरीच कमी. संशोधकांनी हात घाण करून घेतले त्यामागे असा साधा हिशेब होता.

हे प्रथिन कोण, याचा उलगडा 1990 मध्ये झाला. टीएनएफचे दोन रिसेप्टर वेगवेगळ्या प्रयोगशाळांत जनुकासह हाती आले आणि लघवीतला तो अडसर कोणी परका नसून याच रिसेप्टरांचा पेशीबाहेरचा तुकडा आहे हे उघड झालं. पेशी आपल्या दारावरची बेल स्वतःच कापून टाकत होती. कापणारी कात्री आणखी सात वर्षांनी, 1997 मध्ये सापडली. गंमत अशी की हीच कात्री टीएनएफलाही पेशीच्या पृष्ठभागावरून कापून मोकळं करते. आग लावणारा आणि पाणी मारणारा, दोघांनाही बाहेर सोडणारा दरवान एकच! शरीराच्या या कारभाराला गबाळा म्हणावं की काटेकोर, माझं अजून ठरलेलं नाही.

सिॲटलच्या इम्युनेक्स कंपनीत क्रेग स्मिथ आणि रेमंड गुडविन यांच्या गटाने यातल्या मोठ्या रिसेप्टरचं जनुक वाचलं, तेव्हा त्याचा साचा भलत्याच ठिकाणी जुळला. सशांमध्ये गाठी आणणाऱ्या शोप फायब्रोमा विषाणूत एक जनुक होतं, त्याचं काम कोणाला ठाऊक नव्हतं. ते होतं टीएनएफच्या रिसेप्टरसारखं, आणि दारात न रोवलेलं, मोकळं. विषाणू सशाच्या शरीरात शिरून खोट्या बेला वाटत सुटायचा, म्हणजे टीएनएफचा निरोप कुठे पोचायलाच नको. औषध कंपन्यांनी ज्या कल्पनेसाठी पुढे कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या, ती एका विषाणूने युगानुयुगं वापरलेली होती.

मग लघवीतलं प्रथिनच बाटलीत भरून का दिलं नाही? ज्या लहानपणामुळे ते लघवीत सापडलं, त्याच लहानपणामुळे ते रक्तात टिकत नव्हतं. इथे कुळात दुसरं रक्त आलं. 1989 मध्ये जेनेंटेक कंपनीच्या डॅनियल केपन यांच्या गटाने एचआयव्हीसाठी एक युक्ती केली होती. ज्या सीडी-4 रिसेप्टरला हा विषाणू चिकटतो, त्याच्या मोकळ्या तुकड्याला त्यांनी अँटिबॉडीचा बुंधा जोडला. बुंध्यामुळे रेणू मोठा होतो, मूत्रपिंडातून निसटत नाही, आणि दोन हात असलेली जोडगोळी तयार होते. एचआयव्हीवर ती फळली नाही. पण 1991 मध्ये डॅलसमध्ये बॉयटलर (कॅशेक्टिनवाले तेच) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीच युक्ती टीएनएफच्या रिसेप्टरवर वापरली. इम्युनेक्सने मोठ्या रिसेप्टरचे दोन तुकडे एका बुंध्यावर बसवले, आणि तेच पुढे इटानरसेप्ट झालं. शरीरात त्याचं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण चार दिवस लागतात.

पहिली मोठी परीक्षा मात्र सांध्यांची नव्हती, सेप्सिसची होती. रक्तात जंतूंचं विष भिनून रुग्ण कोसळतो तेव्हा टीएनएफ उसळलेलं असतं. त्याला पकडलं की रुग्ण वाचेल, हा तर्क बिनतोड वाटावा असाच होता. 141 रुग्णांवरच्या चाचणीचा निकाल 1996 मध्ये छापून आला. औषध नसलेल्या गटात 30 टक्के दगावले होते, आणि सर्वांत मोठा डोस मिळालेल्या गटात 53 टक्के. इथेच हे घराणं निर्वंश व्हायचं. संसर्ग चालू असताना टीएनएफ हा शत्रूच असतो असं नाही, जंतूंशी लढणारा शिपाईही तोच. शिवाय सेप्सिसमधली त्याची उसळी काही तासांची. आमवाताच्या सांध्यात तो महिनोन् महिने, वर्षानुवर्षं धुमसत राहतो.

हे धुमसणं लंडनच्या केनेडी संस्थेत आधीच कळलं होतं. मार्क फेल्डमन, लुधियानात जन्मलेले रविंदर मैनी आणि फिओनुला ब्रेनन यांनी रुग्णांच्या सांध्यातल्या पेशी वाढवून 1989 मध्ये दाखवलं की एकट्या टीएनएफला अडवलं की दाह पेटवणारा दुसरा रेणू, इंटरल्यूकिन-1, आपोआप उतरतो. 1992 मध्ये त्याच संस्थेतून आणखी एक निरीक्षण आलं, आणि माझ्या मते या सगळ्या कथेतलं ते सर्वांत बोलकं आहे. आमवाताच्या रुग्णांच्या रक्तात आणि त्याहून जास्त सांध्यातल्या पाण्यात हे विद्राव्य रिसेप्टर आधीच वाढलेले होते. शरीर गप्प बसलेलं नव्हतं. ते बेला उपटून फेकत होतं, पण पुरवठा कमी पडत होता. औषधाने केलं ते एवढंच की त्या अपुऱ्या प्रयत्नात बाहेरून भर घातली.

1997 मध्ये 180 रुग्णांवरच्या चाचणीचा निकाल आला: सर्वांत मोठा डोस मिळालेल्यांपैकी 75 टक्क्यांना ठरवलेल्या मापाने किमान 20 टक्के आराम, बिनऔषधाच्या गटात 14 टक्क्यांना. 2 नोव्हेंबर 1998 रोजी अमेरिकेत मान्यता मिळाली. आमवातासाठी टीएनएफ अडवणारं हे पहिलं औषध. पुढे मागणी एवढी वाढली की नव्या रुग्णांना प्रतीक्षा यादीत थांबावं लागलं.

प्रत्येक कुळात एखादा उलट्या काळजाचा भाऊबंद असतोच. इंटरल्यूकिन-6चा विद्राव्य रिसेप्टर तसा. ही सुटलेली बेल मुकी नसते. ज्या घराला मुळात तिची बेल नाही, अशा पेशीच्या दारावर ती निरोपासकट जाऊन चिकटते आणि तिथे खणखणते. आमवातात तिच्यामुळे दाह वाढतो, म्हणून टोसिलिझुमॅब या औषधाला दारावरची आणि सुटलेली, दोन्ही बेला झाकाव्या लागतात. विद्राव्य म्हणजे शामक, हे समीकरण तिथे मोडतं.

इटानरसेप्टची वंशावळ पुण्यापर्यंत आली आहे. लुपिन कंपनीच्या तिथल्या जैवतंत्र केंद्रात त्याची समरूप आवृत्ती तयार झाली. तिला 2019 मध्ये जपानने आणि 2020 मध्ये युरोपने मान्यता दिली. हा रेणू हॅमस्टरच्या अंडाशयातून आलेल्या पेशींकडून करवून घ्यावा लागतो, त्यामुळे तो गोळीसारखा स्वस्त होत नाही, आणि घरी आणल्यावर त्याची जागा फ्रीजमध्येच असते.

आता तो क्षय. फुप्फुसात निपचित पडलेल्या टीबीच्या जंतूंभोवती पेशींचं जे कडं असतं, ते टिकवून धरण्यात टीएनएफचा मोठा वाटा असतो. त्याला अडवलं की कडं ढिलं पडतं आणि झोपलेला क्षय जागा होऊ शकतो. अँटिबॉडी जातीच्या औषधांनी हा धोका अधिक, सेप्टने त्या मानाने कमी, पण शून्य नाही. म्हणून आपल्याकडे पहिलं इंजेक्शन देण्याआधी छातीचा एक्स-रे निघतो, टीबीची तपासणी होते, आणि बोटं पुढे करून बसलेल्या रुग्णाला डॉक्टर विचारतात, “घरात कुणाला टीबी झाला होता का?”