लिनक्स विचारतं, ‘कॉम्प्युटरची माहिती पाठवू का?’ हो म्हटलं तर नेमकं काय जातं?

विंडोज १०ची नियमित मोफत सुरक्षा अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ला बंद झाली. विंडोज ११साठी टीपीएम २.० आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे सुस्थितीतले अनेक जुने लॅपटॉपही मागे पडले. सातारा असो की सांगली, असा लॅपटॉप भंगारात काढण्याऐवजी त्यावर उबुंटूसारखं मोफत लिनक्स टाकणं हा एक पर्याय आहे.

पण उबुंटू पहिल्यांदा सुरू केल्यावर एक प्रश्न समोर येऊ शकतो: तुमच्या सिस्टीमची माहिती आम्हाला पाठवायची का? बरेच जण न वाचताच ‘नेक्स्ट’ दाबतात. ही माहिती कोणाला हवी असते आणि त्यात काय असतं, ते समजून घेऊ.

ही माहिती कशासाठी हवी?

विंडोजची लायसन्स विकली जातात, त्यामुळे कंपनीकडे आकडा असतो. लिनक्सचं तसं नाही. एकदा डाउनलोड केलेली फाईल पेन ड्राइव्हवर घेऊन दहा कॉम्प्युटरवर टाकता येते आणि बनवणाऱ्यांना त्याचा पत्ताही लागत नाही. लोकांकडे रॅम किती आहे, स्क्रीन केवढी आहे, ग्राफिक्स कार्ड कोणतं आहे, हे कळायला विचारण्यावाचून फारसा मार्ग नाही. कोणत्या मशीनवर आधी चाचणी करायची, हे ठरवताना ही माहिती उपयोगी पडते.

उबुंटू नेमकं काय गोळा करतं?

उबुंटू बनवणाऱ्या कॅनॉनिकल कंपनीने एप्रिल २०१८मध्ये आलेल्या १८.०४ आवृत्तीत ही सोय आणली. त्या रिपोर्टमध्ये उबुंटूची आवृत्ती, लॅपटॉपची कंपनी आणि मॉडेल, बायोस, प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, रॅम, डिस्कची क्षमता, स्क्रीनचं रिझोल्यूशन, भाषा आणि टाइमझोन अशा गोष्टी असतात. इन्स्टॉलेशनला किती वेळ लागला, याचीही नोंद होते.

तुमचं नाव, फोटो, फाईल्स किंवा ब्राउझरची हिस्ट्री त्यात नसते. पाठवण्याआधी रिपोर्ट उघडून वाचण्यासाठी त्याच स्क्रीनवर बटण दिलं होतं.

जून २०१८मध्ये कॅनॉनिकलने पहिले निष्कर्ष जाहीर केले. ६७ टक्के लोकांनी माहिती द्यायला होकार दिला होता आणि इन्स्टॉलेशनला सरासरी १८ मिनिटं लागत होती. हा टक्का काढता आला, कारण नकार दिला तरी ‘या वापरकर्त्याने नाही म्हटलं’ एवढा एक छोटा संदेश जातो. त्यात हार्डवेअरचा तपशील नसतो.

त्यावरून माणूस ओळखता येतो का?

रिपोर्टमधला ठिकाणाचा तपशील म्हणजे टाइमझोन. भारतभर एकच प्रमाणवेळ असल्याने तिथे ‘एशिया/कोलकाता’ असंच दिसतं. म्हणजे साताऱ्यातला लॅपटॉप, सांगलीतला लॅपटॉप आणि गुवाहाटीतला लॅपटॉप यांत या नोंदीवरून फरक करता येत नाही.

मात्र इंटरनेटवरून काहीही पाठवलं की समोरच्या सर्व्हरला आयपी अ‍ॅड्रेस दिसतोच. तो साठवत नाही, असं कॅनॉनिकलने सांगितलं आहे. इथे कंपनीच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागतो. रिपोर्ट तयार करणाऱ्या प्रोग्रामचा कोड मात्र खुला आहे. त्यामुळे आपल्या मशीनवरून काय बाहेर जातं, हे जाणकारांना तपासता येतं.

सगळ्या लिनक्समध्ये असंच असतं का?

नाही. डेबियनमध्ये ‘पॉप्युलॅरिटी कॉन्टेस्ट’ नावाची मोजणी आहे. ती हार्डवेअरची नाही, तर कोणती सॉफ्टवेअर पॅकेजेस वापरली जातात याची आहे. इन्स्टॉलेशनच्या वेळी तिचं उत्तर आधीपासून ‘नाही’वर असतं. उबुंटू १८.०४मध्ये उलट होतं. तिथे ‘हो’ आधीच निवडलेलं होतं.

फेडोराने २००७मध्ये ‘स्मोल्ट’ ही हार्डवेअर नोंदवण्याची यंत्रणा सुरू केली आणि २०१२मध्ये बंद केली. २०२३मध्ये वापराची माहिती गोळा करण्याचा नवा प्रस्ताव आला. त्यातही सुरुवातीला बटण आधीच चालू ठेवायचा विचार होता आणि त्यावरून वापरकर्त्यांमध्ये मोठा वाद झाला. वाद माहिती देण्यापेक्षा गृहीत धरलेल्या होकारावर जास्त होता.

‘एचडब्ल्यू-प्रोब’ हा वेगळा प्रकार. हा प्रोग्राम स्वतः चालवल्याशिवाय काही जात नाही. पण पाठवलेला तपशील सगळ्यांना दिसतो. सीरियल नंबरसारख्या खुणा त्याआधी काढल्या किंवा बदलल्या जातात. सेकंडहँड लॅपटॉप घेण्याआधी त्या मॉडेलवर लिनक्समध्ये वायफाय चालतं का, हे अशा नोंदींवरून बघता येतं.

सगळ्यांनीच नाही म्हटलं तर?

जुन्या मशीनचा सपोर्ट कायम राहत नाही. उबुंटूने २०१७मध्ये १७.१० आवृत्तीपासून ३२-बिट डेस्कटॉपची इन्स्टॉलेशन फाईल देणं बंद केलं. ऑगस्ट २०२५मध्ये आलेल्या डेबियन १३मध्येही ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलर नाही. असे निर्णय घेताना ‘हे अजून किती जण वापरतात?’ हा प्रश्न येतोच. जे मशीन मोजलंच गेलं नाही, त्याची बाजू कमकुवत होते. भाषेचंही तसंच आहे. डेस्कटॉप मराठीत ठेवला असेल आणि रिपोर्ट गेला, तर तो मराठी म्हणून मोजला जातो.

तरी हे आकडे म्हणजे जनगणना नव्हे. इंटरनेट नसलेल्या शाळेच्या लॅबमधले कॉम्प्युटर त्यात येत नाहीत आणि नकार देणाऱ्यांकडे कोणतं मशीन आहे, हेही कळत नाही.

कायदा काय म्हणतो?

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३नुसार संमती मुक्त, विशिष्ट, माहिती देऊन घेतलेली आणि स्पष्ट कृतीतून दिलेली असावी लागते. मात्र हा कायदा वैयक्तिक डेटासाठी आहे. ज्या माहितीवरून कोणाचीच ओळख पटत नाही, ती त्याच्या कक्षेत येत नाही. म्हणूनच ‘ओळख पटते का?’ हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

हो म्हणण्याआधी काय बघावं?

• रिपोर्ट आधी वाचायची सोय असेल तर तो उघडून बघा. नाव, ईमेल किंवा सीरियल नंबर दिसला तर पाठवू नका.

• हार्डवेअर रिपोर्ट आणि क्रॅश रिपोर्ट यांत गल्लत करू नका. प्रोग्राम बंद पडल्यावर जाणाऱ्या क्रॅश रिपोर्टमध्ये मेमरीतला मजकूर किंवा फाईलची नावंही असू शकतात. उबुंटूमध्ये त्याचं बटण सेटिंग्जमधल्या ‘प्रायव्हसी’ विभागात असतं.

• लिनक्स दुकानातून टाकून घेतलं असेल, तर या प्रश्नाचं उत्तर काय दिलं, हे विचारा. लॅपटॉप तुमचा आहे, तेव्हा हो की नाही हे तुम्हीच ठरवायला हवं.

• नकार दिल्याने उबुंटूची कोणतीही सोय बंद होत नाही. अपडेट्स नेहमीसारखी येत राहतात.