विक्रीपूर्वीची सफेदी

‘घर पाहावे बांधून’ असे आपल्याकडे म्हणतात. ज्या कोणी ही म्हण केली त्याला परप्रांतात नोकरी करून, तेथे घर घेऊन, अखेरीस ते विकून गावी परतण्याचा प्रसंग आला नसावा. नाहीतर त्याने ‘विकून’ हा शब्दही तीत घातला असता. आमच्या कचेरीतील एका वडीलधाऱ्या गृहस्थांमुळे आम्हांला या गोष्टीचा विचार करावा लागला. आम्ही सर्व त्यांना अण्णा म्हणतो. अण्णा सेवानिवृत्त होऊन सातारा जिल्ह्यात परतणार, आणि त्यापूर्वी मनीमाजऱ्यातील आपले तळमजल्याचे घर विकणार, असे ठरले. गवंड्याची मजुरी वाचावी म्हणून आम्ही चार मराठी बिऱ्हाडांनी रविवारी कुंचले व थाप्या घेऊन तेथे जमावयाचे ठरविले.

पहिल्याच रविवारी अडचण उभी राहिली. मागील खोलीच्या भिंतीला जमिनीपासून कमरेपर्यंत ओल होती. गिलाव्याचे पोपडे सुटले होते आणि त्यांखाली लोणा फुलला होता. पंजाबात याला कल्लर म्हणतात. आमच्यापैकी एकाने सुचविले की, खरवडून, लांबी भरून, वर दाट तैलरंगाचे दोन हात द्यावे. घर विकले जाईपर्यंत भिंत निश्चित टिकेल. अण्णा बराच वेळ भिंतीकडे पाहत राहिले व म्हणाले, “ही डागडुजी झाली की झाकपाक?” त्या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी आम्हांपैकी कोणालाच देता आले नाही. परंतु हा प्रश्न जगात प्रथमच विचारला गेला नसणार, असे वाटून आम्ही इतिहासाची पाने चाळली. त्यांत जे सापडले ते येथे मांडीत आहोत. कारण वाचकांपैकी बहुतेकांवर असा प्रसंग आज ना उद्या येणारच आहे.

प्रथम चुन्याविषयी. भिंत पांढरी करण्याची कला आपल्या देशात फार जुनी आहे आणि तिची परिभाषा प्रांताप्रांतांत ओळखीची वाटते. उत्तरेकडे भिंतीला ‘कली’ करतात. आपल्याकडे भाजलेल्या चुनखडीच्या ढेकळांना ‘कळीचा चुना’ म्हणतात. चुनखडी सुमारे ९०० अंश उष्णतेवर भाजली म्हणजे तीतील कर्बवायू निघून जातो; उरलेल्या कळीवर पाणी पडताच ती उकळ्या फोडीत विरते; आणि भिंतीवर लावल्यानंतर हवेतील तोच वायू पुन्हा शोषून घेऊन हळूहळू दगड होते. म्हणजे चुन्याचा हात हा निव्वळ रंग नव्हे, तर भिंतीवर चढविलेले दगडाचे पातळ कवच होय. शिवाय त्यातून भिंतीतील ओल वाफेच्या रूपाने बाहेर पडू शकते. तैलरंग मात्र भिंतीचा श्वास कोंडतो. आतली ओल आतच राहते, लोणा रंगाच्या पाठीमागे साठतो आणि एके दिवशी रंगासकट गिलावा उतरवितो. पुण्याच्या जुन्या वाड्यांना चुन्याच्या घाणीत मळलेला, गूळ, बेलफळ व हिरडा यांच्या पाण्याने चिवट केलेला चुना वापरीत. रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात दुर्गांचा विचार करताना गडावरील इमारतींच्या भिंतींचाही विचार केला आहे, आणि उंदीर, विंचू, किडामुंगी यांना थारा मिळेल अशा फटी राहू देऊ नयेत, असे बजाविले आहे. राज्याच्या नीतीचा ग्रंथ भिंतीच्या फटीपर्यंत उतरतो, यातच जुन्या कारभाराची नजर दिसते. आमच्या कोकणात पावसापूर्वी कौले चाळून शाकारणी करतात. ही सर्व डागडुजी राहण्यासाठी केलेली होती. प्रश्न उद्भवतो तो घर विकण्यासाठी कुंचला उचलला म्हणजे.

आमच्या पूर्वजांना या प्रश्नाची जाणीव होती. कौटिल्याने अर्थशास्त्रात घरजमिनीच्या विक्रीवर स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. खरेदीचा पहिला हक्क नातेवाइकांचा, मग शेजाऱ्यांचा, मग सावकारांचा, त्यानंतर परक्यांचा. विक्री घराच्या दारासमोर, आसपासच्या चाळीस कुटुंबांतील मंडळींच्या साक्षीने पुकारावयाची, आणि तीन वेळा विचारूनही कोणी हरकत घेतली नाही तरच ग्राहकास घर मिळावयाचे. चढाओढीने किंमत वाढली तर वाढलेली रक्कम विक्रेत्यास नव्हे, राजकोशास! या व्यवस्थेतील खुबी अशी की, ज्यांनी ते घर दहा पावसाळे पाहिले आहे अशा चाळीस घरांसमोर कोणती भिंत पाझरते हे लपविणार कोण? या शेजारहक्काचे एक दूरचे भावंड पंजाबात परवापरवापर्यंत नांदत होते. १९१३ च्या पंजाब शुफा कायद्याने आप्तांना व शेजाऱ्यांना खरेदीत अग्रहक्क दिला होता. पंजाब राज्याने तो १९७३ मध्ये रद्द केला. हक्क गेला ते योग्यच झाले. परंतु त्याबरोबर शेजाऱ्याची साक्षही गेली.

मनुस्मृतीने सदोष, कमी भरणारा किंवा झाकून ठेवलेला माल विकू नये असे सांगितले, आणि खरेदीविक्रीचा पश्चात्ताप झाल्यास दहा दिवसांच्या आत व्यवहार फिरविण्याची मुभा दिली. नारद त्याहून कडक आहे: निर्दोष दाखवून सदोष वस्तू देणाऱ्याने ग्राहकास दुप्पट किंमत द्यावी आणि तेवढाच दंड राजास भरावा.

रोममध्येही हाच पेच पडला होता. इसवी सनापूर्वी ४४ मध्ये सिसेरोने कर्तव्यांवर जो ग्रंथ लिहिला त्याच्या तिसऱ्या भागात घर विकणारा गृहस्थ येतो. घर रोगट आहे, लाकूड कुजले आहे, प्रत्येक खोलीत सरपटणारे प्राणी निघतात. पण हे मालकाशिवाय कोणासच ठाऊक नाही. त्याने सांगावे की नाही? सिसेरोचे मत: सांगावे. मागोमाग तो एक घडलेला खटला देतो. क्लॉडियस सेंतुमालस नावाच्या इसमाचे सीलियन टेकडीवरील घर इतके उंच होते की शकुन पाहणाऱ्या अधिकाऱ्यांच्या दृष्टीआड आकाश येई. त्यांनी तेवढा भाग पाडण्याचा हुकूम दिला. सेंतुमालसने हुकूम खिशात घालून घर विकून टाकले. नव्या मालकाला तोच हुकूम मिळाला व त्याला पाडकाम करावे लागले. न्यायाधीश मार्कस केटोने निकाल दिला की, विक्रेत्याला ठाऊक होते व त्याने सांगितले नाही, म्हणून नुकसान त्याने भरून द्यावे.

आपल्या देशातील आधुनिक कायद्याने हाच धागा पुढे नेला. १८७२ च्या करार कायद्याच्या सतराव्या कलमात एखादी गोष्ट जाणूनबुजून, कृती करून लपविणे हे फसवणुकीच्या व्याख्येत धरले आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे पंचावन्नावे कलम सांगते की, ग्राहकाला साध्या दक्षतेने दिसणार नाही असा महत्त्वाचा दोष विक्रेत्यास ठाऊक असेल तर त्याने तो उघड केला पाहिजे. ओलीवर चढविलेला तैलरंग या दोन कलमांच्या कात्रीत कसा सापडतो, हे वाचकांस वेगळे सांगावयास नको.

आता मनीमाजऱ्याकडे वळू. १७५८ मध्ये राघोबादादांच्या फौजांनी सरहिंद घेतले, हे मराठी माणसाला शाळेपासून पाठ असते. ती सत्ता टिकली नाही. १७६४ मध्ये शीख सरदारांनी सरहिंद जिंकले, आणि त्या धामधुमीत गरीबदास नावाच्या सरदाराने ८४ गावे ताब्यात घेऊन मनीमाजऱ्यास आपले ठाणे केले. त्याचा मुलगा गोपालसिंग याने १८११ ते १८१५ या काळात शेजारचे मनसादेवीचे मंदिर बांधले. १८६६ मध्ये या घराण्याचा शेवटचा राजा भगवानसिंग निपुत्रिक वारला व संस्थान संपले. पुढे येथील किल्ला फरीदकोटच्या राजघराण्याच्या मालमत्तेत मोडू लागला. त्या घराण्याचे शेवटचे राजे हरिंदरसिंग ब्रार १९८९ मध्ये निवर्तले. त्यांच्या नावे पुढे आलेल्या १९८२ च्या मृत्युपत्राविरुद्ध त्यांच्या कन्येने १९९२ मध्ये दावा लावला. मृत्युपत्र बनावट असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयात कायम होण्यास २०२२ साल उजाडले. तीस वर्षे वाद चालला, आणि तेवढी वर्षे किल्ला ढासळत राहिला. घराचा मालक कोण हेच ठरत नसेल तर कुंचला कोणी उचलावा?

याच मनीमाजऱ्याच्या अंगणात नवे शहर उभे राहिले. ल कॉर्बूझिए, प्येर जानरे, मॅक्सवेल फ्राय व जेन ड्रू यांनी आखलेल्या चंदीगडात सरकारी नोकरांसाठी दर्जावार तेरा प्रकारची घरे योजिली होती, आणि शिपायाच्या घरालाही दोन खोल्या, स्वयंपाकघर व अंगण असावे हा आग्रह होता. विटा पुष्कळशा उघड्याच ठेविल्या होत्या. १९५२ च्या राजधानी विकास व नियमन कायद्याने घराचा चेहराही नियमांत बांधला. जुने मनीमाजरा त्या आखणीच्या बाहेरचे. १९६६ मध्ये केंद्रशासित प्रदेश झाला तेव्हा ते त्यात आले. कॉर्बूझिएने सेक्टरांच्या क्रमात तेरा हा आकडा गाळला होता. तो अखेर २०२० मध्ये मनीमाजऱ्याच्या वाट्यास आला.

आखलेल्या शहराची गंमत अशी की, येथे सुधारणाच कधी कधी दोष ठरते. १० जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेक्टर एक ते तीसमधील एका कुटुंबाची घरे तोडून त्यांचे मजलेवार गाळे करण्यास मनाई केली. तो निकाल मनीमाजऱ्यास लागू नाही. तथापि तो लिहिणारे न्यायमूर्ती भूषण गवई अमरावतीचे, आणि पुढे २०२५ मध्ये ते देशाचे सरन्यायाधीश झाले, म्हणून मराठी वाचकांस तो जवळचा वाटेल. निकालाचे तात्पर्य मात्र सर्वांना लागू आहे: घर एकट्याचे नसते, शहराचेही असते. मनीमाजऱ्यातील गृहनिर्माण मंडळाच्या वसाहतींत हिंडले की झाकलेले सज्जे, पुढे सरकविलेल्या भिंती, अंगणावरचे पत्रे ठायी ठायी दिसतात. प्रत्येकामागे एखादी वाढलेली मुलगी, एखादे अंथरुणाला खिळलेले वडील, अशी खरी गरज असते. पण विक्रीच्या वेळी मंजूर नकाशा समोर ठेविला म्हणजे ही गरज बोलत नाही; नकाशा बोलतो.

अण्णांच्या घराचेही तसेच होते. त्यांच्या मातोश्री येथे राहावयास आल्या तेव्हा त्यांच्या देवपूजेसाठी अण्णांनी मागील अंगणात पत्र्याची शेड घातली होती. नकाशात ती नव्हती. आम्ही वाचलेला सेंतुमालसचा खटला अण्णांना सांगितला, तेव्हा ते हसले. पण दुसऱ्या रविवारी पत्रे उतरविताना गप्प होते. पत्र्यांमागून फरशी उखडली, तिच्याखालची भर काढली, आणि मग ओलीचे कोडे उलगडले. जोत्याच्या वर, विटांच्या पहिल्या थराखाली ओल अडविणारा डांबर-काँक्रीटचा पट्टा असतो. शेडची जमीन उंच करताना भर त्या पट्ट्याच्या वर गेली होती. वर्षाला अकराशे मिलिमीटरच्या आसपास पडणाऱ्या येथील पावसाचे पाणी त्या भरीत मुरत होते आणि पट्ट्यास वळसा घालून भिंतीत चढत होते. जी सुधारणा अण्णांनी प्रेमाने केली तिनेच भिंत आजारी पाडली होती. घर विकण्यापूर्वी आम्ही केलेली सर्वांत मोठी सुधारणा म्हणजे जुनी सुधारणा काढून टाकणे.

उरलेले काम सोपे होते. अंगणाचा ढाळ मोरीकडे दिला. खराब गिलावा ओलीच्या रेषेच्या हातभर वरपर्यंत काढला. लोणा कोरड्या कुंचल्याने झाडला, कारण पाण्याने धुतला तर तो पुन्हा भिंतीत शिरतो. विटा काही आठवडे उघड्या ठेविल्या. मग चुना व सुरखीचा गिलावा केला आणि रात्रभर भिजविलेला, फडक्यातून गाळलेला, डिंक व किंचित नीळ घातलेला चुना पातळ तीन हातांनी दिला. तरीही भिंत पूर्ण वाळली नव्हती. भिंतीला वाळण्यास महिने लागतात आणि अण्णांजवळ महिने नव्हते. १९६४ च्या वर्तणूक नियमांतील अठराव्या नियमाप्रमाणे विक्रीची पूर्वसूचना कचेरीस देऊन झाली होती, आणि गावी जाण्याचा दिवसही ठरला होता.

ग्राहक म्हणून एक तरुण शिक्षक पत्नीसह आले. घर त्यांना पसंत पडले. त्यांनी त्या भिंतीकडे नजरही टाकली नव्हती. अण्णांनी त्यांना मागील खोलीत नेले, भिंतीवर हात ठेवावयास सांगितला, शेडची हकीकत सांगितली, आणि पुढला पावसाळा गेल्यावाचून या खोलीला तैलरंग लावू नका, असे बजाविले. शिक्षकांनी आठ दिवस विचार केला व किमतीतून काही रक्कम कमी मागितली. ती लहान नव्हती. काकूंच्या चेहऱ्यावर ते दिसले. अण्णांनी ती मान्य केली.

परतताना आम्ही त्यांना विचारले, “अण्णा, वाईट वाटले का?” ते म्हणाले, “पैशाचे वाटले. शेड काढली त्याचे अधिक वाटले. भिंतीचे मात्र वाटत नाही.”

कौटिल्याची चाळीस कुटुंबे आता कोणाच्याही दारात उभी राहत नाहीत. त्यांची जागा कोणीतरी घ्यावयास हवी. आणि आपले घर आपल्या हातांनी दुरुस्त करणाऱ्याइतका त्या घराचा जाणता साक्षीदार दुसरा कोण मिळणार? त्या साक्षीदाराने खरे बोलावे, एवढेच.