जुन्या पेट्रोल गाडीची ताकद चढावर का घटते?

उज्जैन येथे २०२८ साली सिंहस्थ भरणार आहे. गोव्यातून स्वतःच्या गाडीने तेथे जाण्याचा बेत अनेक कुटुंबे आखतील. ही वाट हजार किलोमीटरहून अधिक आहे. धुळ्याच्या पुढे मुंबई-आग्रा महामार्ग सेंधव्याजवळ बिजासन घाट चढतो, खलघाटला नर्मदा ओलांडतो आणि पुन्हा चढून माळव्याच्या पठारावर येतो. गाडी पंधरा-वीस वर्षांची असल्यास सपाट रस्त्यावर झाकलेला दोष येथे उघडा पडतो. अशा वेळी अंदाजाने सुटे भाग बदलत गेल्यास खर्च वाढतो आणि दोष तसाच राहतो. त्यामुळे तपासणीचा क्रम महत्त्वाचा ठरतो.

स्वाभाविक घट किती?

उज्जैन समुद्रसपाटीपासून सुमारे ४९० मीटर उंचीवर आहे. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर १०० मीटरला साधारण एक टक्का घटते. म्हणजेच पणजीच्या तुलनेत तेथे पाच टक्क्यांच्या आसपास घट अपेक्षित असते. उन्हाळ्यातील तापलेली, विरळ हवा तीत थोडी भर घालते. वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये दर लिटरमागे ऊर्जाही सहा-सात टक्के कमी असते, म्हणून मायलेज उतरते. मात्र तिसऱ्या गिअरमध्ये सहज चढणारी गाडी पहिल्या गिअरवर येत असेल, तर ती घट स्वाभाविक मानता येणार नाही.

दोष इंजिनातच आहे का?

इंजिनाचा आवाज चढतो, पण वेग वाढत नाही, अशी स्थिती असल्यास क्लच घसरत असण्याची शक्यता अधिक. थोडे अंतर चालवल्यावर एखादे चाक इतरांपेक्षा जास्त तापलेले आढळल्यास ब्रेक अडकून राहत असावा. या दोन्ही गोष्टी तपासण्याआधी इंजिन उघडू नये.

लक्षणांवरून शोध

गाडी उभी असतानाही इंजिन थरथरते आणि चढावर झटके देते, तेव्हा प्रथम स्पार्क प्लग, प्लगच्या तारा आणि असल्यास डिस्ट्रिब्युटरची कॅप पाहावी. प्लगचे टोक फिकट तपकिरी असणे हे सुस्थितीचे लक्षण. कोरडी काजळी दिसल्यास पेट्रोलचे प्रमाण जास्त आहे किंवा एअर फिल्टर तुंबला आहे. तेलकट ओलावा दिसल्यास ऑइल ज्वलनकक्षात शिरत आहे.

हळू वेगात ठीक चालणारी गाडी अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबताच गुदमरत असेल, तर पेट्रोलचा पुरवठा अपुरा पडतो. फिल्टर, पंप आणि कार्ब्युरेटर तपासावा. इथेनॉल ओलावा शोषून घेते आणि जुन्या रबरी नळ्या व सील खराब करू शकते. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीत हे विशेष पाहावे. पुरवठा व्यवस्थित असूनही वेग वाढेल तशी गाडी अधिकच दबत असल्यास सायलेन्सर किंवा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तुंबल्याचा संशय घ्यावा. इंजेक्शन पद्धतीच्या गाडीत ‘चेक इंजिन’चा दिवा लागला असेल, तर सर्वप्रथम स्कॅनर लावून घ्यावा.

पीयूसी तपासणीचे आकडेही उपयोगी पडतात. कार्बन मोनॉक्साइड जास्त असल्यास मिश्रणात पेट्रोल अधिक आहे; हायड्रोकार्बन जास्त असल्यास पेट्रोल न जळताच बाहेर पडत आहे.

शेवटची कसोटी

सर्व वेगांत ताकद कमी आणि ऑइलचा खप वाढलेला असल्यास कॉम्प्रेशन मोजून घ्यावे. सिलिंडरांमधील फरक दहा-पंधरा टक्क्यांहून अधिक असणे चिंतेचे. कमी दाब दाखवणाऱ्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजावे. दाब वाढल्यास पिस्टनच्या रिंग झिजल्या आहेत; न वाढल्यास व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटमध्ये दोष आहे. इंजिन उघडण्याचा मोठा खर्च या निष्कर्षानंतरच मान्य करावा.

प्रवासापूर्वी किमान पंधरा दिवस, तेवढीच माणसे आणि सामान घेऊन अनमोड किंवा चोर्ला घाटात गाडी चालवून पाहावी. ताकद कोणत्या गिअरमध्ये, किती वेगाला आणि इंजिन थंड असताना की गरम झाल्यावर घटते, याची टिपणे मेकॅनिकला दिल्यास दोष लवकर सापडतो आणि दुरुस्तीसाठी हाती वेळही राहतो.