परीट, पावडर, पीसीबी : मराठवाड्यातल्या धुण्याची गोष्ट

नव्या वॉशिंग मशीनच्या खोक्यात एक पुस्तिका असते. बहुतेक घरांत ती प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेरही येत नाही. वाचलीच, तर कळतं की मशीनने बऱ्याच गोष्टी गृहीत धरल्यात. नळाला सतत पाणी असेल, त्याला पुरेसा दाब असेल, वीज मध्येच जाणार नाही, अर्थिंग नीट असेल, फरशी सपाट असेल.

कंधारसारख्या तालुक्याच्या गावात यातली एखादी तरी गोष्ट रोज अडते. त्यामुळे इथे मशीनची ओळख करून घ्यायची, तर आधी पाण्याची ओळख करून घ्यावी लागते. आणि धुण्यासाठी पाणी ओळखण्याचं काम इथे मशीन यायच्या कितीतरी आधीपासून चालत आलंय. फक्त ते करणारे हात बदलत गेले.

समुद्र नावाचं तळं

कंधार मन्याड नदीच्या खोऱ्यातलं गाव. किल्ल्याभोवती पाण्याचा खंदक, आणि जवळच राष्ट्रकूटकाळातलं मोठं तळं. त्या तळ्याचं नाव ‘जगत्तुंग समुद्र’. समुद्रापासून इतक्या लांब, पावसाच्या भरवशावर जगणाऱ्या मुलखात तळ्याला समुद्र म्हणावंसं वाटलं, यावरून पाण्याची किंमत कळते.

नदी, तळं, ओढा जिथे असेल तिथे धुणं चालायचं. रोजचे कपडे घरातल्या बायका डोक्यावर पाटीत घालून न्यायच्या, दगडावर घासायच्या, धोपाटण्याने बडवायच्या. मोठं धुणं, म्हणजे वाकळा, चादरी, सणावाराचे आणि लग्नाकार्याचे कपडे, परिटाकडे जायचं. परीट हा गावगाड्यातला बलुतेदार. वर्षभराच्या कामाचा मोबदला त्याला सुगीच्या वेळी धान्यात मिळायचा.

या व्यवस्थेला दुसरी बाजूही होती. बाळंतिणीचे, सुतकातले, विटाळाचे मानलेले कपडे परिटाच्या घरातल्या बायकांनी धुवायचे. आणि ज्यांना गावाने अस्पृश्य ठरवलं होतं, त्यांचे कपडे परिटाने धुवायचे नाहीत, असा दंडक. म्हणजे कोणाचा मळ कोण काढणार हे जातीने ठरवलेलं होतं. संत गाडगेबाबा याच परीट समाजात जन्मले, हे इथे आठवायला हवं. ज्या समाजाच्या वाट्याला दुसऱ्याचा मळ काढणं आलं, त्यातल्या माणसाने हातात खराटा घेऊन अख्ख्या गावाला आपला मळ आपणच काढायला शिकवलं.

खाराचं शास्त्र

परिटाकडे नुसती ताकद नव्हती, ज्ञान होतं. कुठला कपडा भट्टीत घालायचा, कुठला नाही. रेशमाला रिठा, जाड सुती कापडाला खार. यातला खार नीट समजून घेण्यासारखा आहे.

मराठवाडा दख्खनच्या काळ्या बेसाल्ट खडकावर बसलाय. विहिरीचं आणि बोअरचं पाणी या खडकाच्या भेगांतून झिरपत येतं, आणि येताना कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार घेऊन येतं. यालाच आपण जड पाणी म्हणतो. अशा पाण्यात साबणाचा फेस होत नाही. साबण आणि क्षार मिळून चिकट पांढरा साका तयार होतो आणि तो कपड्यावरच बसतो. साबण संपतो, मळ तसाच.

धुण्याचा सोडा किंवा खार पाण्यात टाकला की त्यातला कार्बोनेट कॅल्शियमला धरतो आणि तळाशी बसवतो. पाणी हलकं होतं. मग साबणाला मळावर काम करायला मोकळीक मिळते. म्हणजे परीट कपडे धुण्याआधी पाणी तयार करत होता. त्याला हे रसायनशास्त्र शाळेत कोणी शिकवलं नव्हतं. बापाच्या हाताखाली तो शिकला होता.

पावडर आली

१९५९ साली भारतात सर्फ आलं. १९६९ साली अहमदाबादेत करसनभाई पटेल यांनी निरमा सुरू केली आणि स्वस्त पावडर खेड्यातल्या किराणा दुकानापर्यंत पोहोचली. डिटर्जंट पावडरीचा एक गुण मराठवाड्याच्या फार उपयोगाचा होता : जड पाण्यात तिचा साबणासारखा साका होत नाही. परिटाच्या हातातलं पाणी हलकं करण्याचं काम आता पुडीत आलं.

टीव्हीवरच्या जाहिरातीतल्या ललिताजी तुमच्या आईला नक्की आठवत असतील. त्या गृहिणीला सांगत होत्या की कपडे कसे धुवायचे याचा निर्णय तुझा आहे. निर्णय तिचा झाला हे खरं, पण त्याबरोबर कामही तिचंच झालं. बलुतं मोडलं, परीट गावातून शहरात गेला किंवा त्याने इस्त्रीचं दुकान टाकलं. वाकळा आणि चादरी घरच्या मोरीत आल्या.

अमेरिकेत हेच आधी घडून गेलं होतं. इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी १९८३ साली ‘मोअर वर्क फॉर मदर’ या पुस्तकात ते मांडलं. घरात यंत्रं आली, पण गृहिणीचं काम कमी झालं नाही. धोबीण, मोलकरीण, घरातले पुरुष जे काम करत होते, ते यंत्राच्या नावाखाली एकट्या बाईकडे आलं. शिवाय स्वच्छतेची अपेक्षा वाढली. आठवड्यात एकदा बदलायचा शर्ट रोज बदलायला लागला.

पैठण रस्त्यावरची मशीन

भारतीय मध्यमवर्गात वॉशिंग मशीन शिरली ती १९८०च्या दशकाच्या अखेरीस आणि १९९०च्या दशकात. या गोष्टीत मराठवाड्याची एक ठळक जागा आहे. धूत कुटुंबाची व्हिडिओकॉन ही कंपनी औरंगाबादची, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरची. तिचा नोंदणीकृत पत्ताच पैठण रस्त्यावरच्या चितेगावचा, चौदाव्या किलोमीटरच्या दगडापाशी. टीव्ही, फ्रिज आणि वॉशिंग मशीनमुळे हे नाव देशभर घराघरात पोहोचलं. ज्या भागात हंडाभर पाण्यासाठी बायका मैलभर चालत होत्या, त्या भागातली कंपनी देशाला धुण्याची मशीन विकत होती.

त्या काळात सर्वाधिक चालली ती सेमी-ऑटोमॅटिक, दोन टबांची मशीन. एका टबात धुवायचं, कपडे हाताने उचलून दुसऱ्यात टाकायचे, पिळून निघाले की दोरीवर. शहरातली मंडळी आज तिला ‘जुनी’ किंवा ‘स्वस्तातली’ म्हणतात. पण आपल्याकडे ती आजही टिकून आहे, आणि केवळ किमतीमुळे नाही.

तिला नळ लागत नाही, बादली चालते. दाब लागत नाही. वीज गेली तर कपडे बाहेर काढून हाताने खळबळता येतात. २००५नंतर काही वर्षं ग्रामीण महाराष्ट्रात रोज अनेक तासांचं भारनियमन होतं, तेव्हा हा गुण फार मोठा होता. आणि सर्वात महत्त्वाचं : पाणी तुमच्या ताब्यात राहतं. पांढऱ्या कपड्यांचं साबणाचं पाणी रंगीत कपड्यांना, तेच पुढे पायपुसण्यांना, आणि शेवटचं खळबळल्याचं पाणी संडासात किंवा अंगण धुवायला. पूर्ण ऑटोमॅटिक मशीन ठरलेल्या वेळी सगळं पाणी स्वतःच गटारात सोडून देते.

दुरुस्तीही सोपी. दोन मोटरी, एक पट्टा, कपॅसिटर, चावीचा टायमर, ब्रेकची तार. रेडिओ-पंखे दुरुस्त करणाऱ्या माणसाने ती उघडून बघितली आणि शिकला. परिटाचं ज्ञान जसं हाताखाली शिकलं जायचं, तसंच हे. जून २०१८ मध्ये व्हिडिओकॉनची दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. पण मशीन साधी असेल, तर तिचा कारखाना संकटात गेला तरी तिला बाजारातला कपॅसिटर चालतो.

२०१६चा उन्हाळा

१२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली रेल्वेगाडी लातुरात पोहोचली. १० टँकर, प्रत्येकी सुमारे ५०,००० लिटर. एकूण ५ लाख लिटर. जवळपास ४ लाख लोकवस्तीच्या शहराला माणशी दीड लिटरसुद्धा नाही. त्याआधी मार्चमध्येच पाण्याच्या टाक्यांभोवती भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लागू झाली होती.

साधी टॉप-लोड ऑटोमॅटिक मशीन एका मोठ्या धुण्याला १०० लिटरच्या पुढे पाणी घेते. फ्रंट-लोडला साधारण त्याच्या निम्मं पुरतं, कारण तिचा ड्रम आडवा फिरतो आणि कपडे थोड्याच पाण्यात वरखाली आपटतात. अगदी घाटावरच्या दगडावर आपटल्यासारखे. त्या उन्हाळ्यानंतर मराठवाड्यात मशीन घेताना ‘किती किलोची’ याबरोबरच ‘पाणी किती खाते’ हा प्रश्नही विचारायलाच हवा.

नवं मॉडेल आणि जुनं पाणी

आज दुकानात जी मशीन दाखवतात तिच्यात इन्व्हर्टर मोटर असते, पाणी तापवायचा हीटर असतो, आणि सगळ्याचा मेंदू म्हणजे पीसीबी. ती कपड्यांचं वजन ओळखते, बिघडली तर पडद्यावर कोड दाखवते. हे सगळं खरं. पण तिच्या पोटात जातं ते पाणी बोअरचंच.

जड पाणी तापलं की क्षार वेगळे होतात आणि हीटरवर पांढरा थर चढतो. चहाच्या पातेल्यात चढतो तोच. थर वाढला की वीज जास्त लागते, आणि एक दिवस हीटर जातो. यावर उपाय आहे थर काढायची पावडर. तिचं काम आम्लाचं असतं, म्हणजे स्वयंपाकघरातल्या लिंबूसत्त्वाच्या जातीचं. पुस्तिकेत सांगितलेली पावडर, सांगितल्या अंतराने, रिकाम्या ड्रममध्ये.

पाणी आत येतं त्या पाइपच्या तोंडाशी एक बारीक जाळी असते. टँकरचं पाणी असेल तर ती गाळाने भरते, आणि मशीन ‘पाणी येत नाही’ असा कोड दाखवते. खूपदा बिघाड एवढाच असतो. नळ बंद करायचा, पाइप सोडवायचा, जाळी जुन्या ब्रशने धुवायची. जाळी साफ असूनही कोड आला, तर दाब बघायचा. टाकी १० मीटर उंच असेल तर साधारण १ बार दाब मिळतो. टाकी मशीनच्या डोक्यावर हातभरच असेल, तर मशीन वाट बघत राहणार.

फ्रंट-लोड नवीन आली की मागचे वाहतुकीचे बोल्ट काढल्याशिवाय ती चालवायची नाही. प्रवासात ड्रम हलू नये म्हणून ते लावलेले असतात. खालच्या कोपऱ्यातलं झाकण उघडलं की पंपाची जाळी सापडते. तिथे नाणी, बटणं, केस, धागे जमतात. आणि सेमी-ऑटोमॅटिक असो की फ्रंट-लोड, खालून उंदीर शिरून वायर कुरतडणार नाही याची सोय बघायची.

आता ज्ञान कोणाकडे?

परिटाकडे असलेलं ज्ञान आधी पुडीत गेलं, मग मोटरीत, आणि आता पीसीबीत. जुनी मशीन गावातला माणूस उघडू शकत होता. नव्या मशीनचा कोड वाचायला कंपनीचा तंत्रज्ञ लागतो, आणि गावात सर्व्हिस सेंटर नसेल तर तो जिल्ह्याच्या ठिकाणाहून येतो. तो येईपर्यंतचं धुणं कोण करतं, हे सांगायला नको. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं, ते याच दुखण्यावर : दुरुस्तीची माहिती आणि सुटे भाग ग्राहकाला आणि बाहेरच्या मेकॅनिकलाही मिळावेत म्हणून.

पण माहितीची एक वाट घरातच अडलेली असते. मशीन बसवायला तंत्रज्ञ येतो, तेव्हा डेमो ज्याने पैसे दिले त्याला दाखवला जातो. बटणं, जाळी, बोल्ट सगळं तो बघतो, मान हलवतो आणि कामावर जातो. मशीन चालवणारी आई किंवा आजी तेव्हा स्वयंपाकघरात चहा टाकत असते. मग ती एकच बटण वर्षानुवर्षं दाबते आणि पडद्यावर कोड आला की घाबरून मशीन बंद करते. जिने जड पाण्यात फेस आणायला आयुष्यभर युक्त्या केल्या, तिला पाण्याचं आणि मशीनचं नातं समजायला दहा मिनिटंही लागणार नाहीत.

पुढच्या वेळी तंत्रज्ञ दारात आला की तिला आधी बोलवा. चहा तुम्ही टाका. आणि ती पुस्तिका पिशवीतून काढून, मराठी पानं असतील ती उघडून, मशीनशेजारच्या खिळ्याला टांगून ठेवा.